परतीची गाडी : डिंडोली ते खानदेश

सुरत म्हटली की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शाळेच्या पुस्तकाने ती आपल्या मनावर कोरून ठेवली आहेत. आमच्या खानदेशातल्या माणसाचे मात्र तसे नाही. त्याला सुरत म्हटली की घोडदळ आठवत नाही, भुसावळ पॅसेंजर आठवते. गावातल्या कोणत्याही ओट्यावर बसून चौकशी करा, दहा घरांतल्या तीन-चार घरांत तरी एकच उत्तर मिळते : "पोऱ्या सुरतले ऱ्हास." मुलगा सुरतेला असतो. तो तिथे काय करतो, कुठे राहतो, किती मिळवतो हे पुढचे प्रश्न. आधी तो सुरतेला असतो, एवढे पुरेसे असते.

या सुरतेतली खानदेशाची वस्ती उधना, लिंबायत, पांडेसरा आणि डिंडोली या भागांत आहे. डिंडोली हे मुळात शहराबाहेरचे गाव. शहर पूर्व-दक्षिणेला वाढत वाढत त्याच्यापर्यंत आले आणि शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. आज तिथल्या रस्त्यांवरून फिरताना पाट्या गुजरातीत दिसतात आणि बोलणे अहिराणीत ऐकू येते. श्रावणात कानबाईची मिरवणूक निघते, आखाजीला झोके बांधले जातात. सुरत महानगरपालिका ज्या सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवते त्यांत मराठी आहे, ते या वस्त्यांमुळेच. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार निवडणुकांत ज्या नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले, त्यातही सुरतेचे हे कामगार भाग आहेत. म्हणजे खानदेशी माणूस तिथे स्थिरावला, मतदार झाला, काही जण पुढारीही झाले. जाण्याचा हा इतिहास आपल्याकडे कौतुकाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे.

पण जाण्याच्या प्रत्येक वाटेला एक परतीची वाट असते, आणि तिचा इतिहास कोणी लिहीत नाही. माणसे गेली ती एकेकटी, वर्षानुवर्षे, हळूहळू. परत आली ती एका रात्रीत, हजारोंनी, घाबरलेली. गेल्या काही दशकांत असे निदान दोनदा घडले, १९९४ साली आणि २०२० साली. दोन्ही वेळा आपल्याच गावाने आपल्याच माणसाला वेशीवर थांबवले. त्या परतीची नोंद कुठे झाली, परतलेल्यांचे पुढे काय झाले, आणि 'परत येणे' म्हणजे नेमके काय, याचा विचार या लेखात करायचा आहे.

आधी वाट पाहू. सुरतेहून निघून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला येणारा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर पूर्ण झाला. तो किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली होता आणि त्याचे मुख्य आकर्षण होते खानदेशचा कापूस. म्हणजे जी गाडी कापूस न्यायला आली, तीच पुढे कापूस पिकवणाऱ्यांची मुले घेऊन गेली. यात विनोद करण्यासारखे काही नाही. कच्चा माल जिकडे जातो तिकडे कारखाना होतो, आणि कारखाना होतो तिकडे माणूस जातो. हा जगाचा नियमच आहे.

त्या काळी या प्रवासात सरहद्द नव्हती. सुरत आणि पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि रुळांवरून एक रेघ गेली. नवापूर स्थानकात ती आजही पाहता येते. स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, आणि एकाच बाकावर बसलेले दोन प्रवासी दोन राज्यांत असू शकतात. लोक तिथे थांबून छायाचित्रे काढतात. पण त्याच वाटणीत नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली अनेक गावे गुजरातेत गेली. उकाई धरणाचे पाणी जिथे पसरणार होते त्या पट्ट्यातली ही गावे. उच्छल आणि निझर हे भाग तेव्हा तिकडे गेले. त्या गावांतली माणसे कुठेही न जाता परराज्यात गेली. 'परप्रांतीय' या शब्दाचा अर्थ किती तकलादू असतो हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने निझरच्या बाजारात एक दिवस उभे राहावे. तिथे गुजरात आणि खानदेश वेगळे करून दाखवणे कोणत्याही पंडिताला साधणार नाही.

माणसे का गेली याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. १९७२-७३ चा दुष्काळ मोठा होता. रोजगार हमीची कामे त्याच दुष्काळात पसरली, पण खडी फोडून जन्म जात नाही हे तरुणांना कळत होते. अमळनेर आणि धुळ्याच्या प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल यांचे भोंगे पुढे एकामागून एक थांबले. त्याच सुमारास सुरतेत कृत्रिम रेशमाच्या कापडाचा धंदा वाढत होता. यंत्रमाग, डाईंग आणि प्रिंटिंगच्या गिरण्या यांना माणसे हवी होती. बारा तासांची पाळी, मागावर मीटरच्या हिशोबाने मजुरी, खाडा पडला तर पैसे नाहीत, आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा माणसे. बायकांना घरबसल्या साड्यांना लेस लावण्याचे आणि टिकल्या चिकटवण्याचे काम मिळे. दुसरा प्रवाह आदिवासी पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारा. दक्षिण गुजरातचा अनेक दशके अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या परिसरातल्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून नेल्या जाणाऱ्या तोडणी टोळ्यांवर १९७० च्या दशकातच लिहिले होते. तिथे माणसांची मोजदाद माणसांत होत नसे, 'कोयत्यां'त होत असे. एक कोयता म्हणजे तोडणारा आणि त्याच्या जोडीचा मोळी बांधणारा. हंगाम संपला की कोयता परत.

या 'परत'मध्येच सगळे आले. कोयत्याची परत ठरलेली असते. गावाला ती ठाऊक असते, घराला तिची वाट असते. पण जी परत ठरलेली नसते, तिचे काय?

इतिहासात मागे गेलो तर असे पहिले मोठे उदाहरण मुंबईचे सापडते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून कोकणात आणि देशावर निघून गेली. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. स्थानकांवर प्रवाशांच्या काखा तपासल्या जाऊ लागल्या. गावाकडे निघालेला गिरणी कामगार एका दिवसात संशयित झाला. पण याच प्रसंगाची दुसरी बाजू अशी की माणसे कमी पडल्यावर गिरणी मालक हवालदिल झाले, महिन्याऐवजी रोजच्या रोज पगार देण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि रस्त्याच्या कोपऱ्यांवर कामगारांसाठी चढाओढ लागली. ज्याला हाकलावे असे वाटत होते त्याच्यावाचून चालत नाही हे तेव्हा कळले. मात्र साथ ओसरली आणि ते कळणेही ओसरले.

जवळजवळ शंभर वर्षांनी तोच प्रसंग सुरतेत घडला. १९९१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती. १९९२ च्या डिसेंबरातल्या दंगलींनी शहर आधीच हादरलेले होते, तेव्हाही कामगार गाड्या भरभरून गावी गेले होते. १९९४ च्या पावसाळ्यात तापीला पूर आला, सखल वस्त्यांत पाणी आणि घाण साचली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. वेड रोडसारख्या भागांत, जिथे बाहेरून आलेल्या कामगारांची दाट वस्ती होती, तिथे रुग्ण आढळले. दुकानांतले टेट्रासायक्लिन संपले. पुष्कळ खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद करून शहर सोडले. रुग्णालयातून रुग्ण पळून जाऊ नयेत म्हणून सुरक्षा दल उभे करावे लागले. चार-पाच दिवसांत किती माणसे गेली याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत दिले जातात. आकड्यांतली ही तफावतच बोलकी आहे. जी माणसे शहराने कधी मोजली नव्हती, ती गेल्यावर कशी मोजणार?

ही माणसे उत्तर प्रदेश, ओरिसा, आंध्र, सौराष्ट्र अशा सर्व दिशांना गेली. खानदेश सर्वांत जवळ, म्हणून तापीच्या मार्गावरच्या गाड्या टपापर्यंत भरल्या. सुरतेहून येणाऱ्या प्रवाशांची देशात ठिकठिकाणी स्थानकांवर तपासणी झाली, औषधे वाटली गेली. आपल्याकडे तर भीतीला दुसरेही कारण होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. त्यामुळे जो मुलगा दर दिवाळीला नवे कपडे आणि सुरतेची मिठाई घेऊन येई, त्याचीच पिशवी त्या सप्टेंबरात कोणी हातात घेईना. काही दिवस त्याने मळ्यातच राहावे, विहिरीवर येऊ नये, असे सांगितले गेले. सांगणारेही भाऊबंदच होते. त्यांना दोष देणे आज सोपे आहे. पण ज्या गावाला जवळचा दवाखाना दहा-वीस किलोमीटरवर, त्या गावाने भीतीखेरीज दुसऱ्या कोणत्या शस्त्राने स्वतःचे रक्षण करायचे होते?

साथ प्रत्यक्षात बरीच लहान निघाली. जागतिक आरोग्य संघटनेकडे देशभरातून ६९३ संशयित रुग्णांची आणि ५६ मृत्यूंची नोंद गेली, मृत्यूंपैकी बहुतेक सुरतेतले. काही आठवड्यांत माग पुन्हा सुरू झाले आणि माणसेही परत गेली, कारण गावात त्यांच्यासाठी काही नव्हते. सुरतेने मात्र त्या फजितीतून धडा घेतला. मे १९९५ मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहर धुऊन काढले, आणि १९९६ साली चंदीगडच्या खालोखाल स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव घेतले गेले. प्रशासनाच्या अभ्यासक्रमात हे उदाहरण शिकवतात. खानदेशने काय धडा घेतला हे कोणी विचारत नाही. शहराने गटारे दुरुस्त केली, पण ज्या गावांत लाखभर माणसे अचानक येऊन पडली होती, त्या गावांनी ती कुठे झोपली, काय खाल्ले, कोणाची उचल बुडाली याची एक वहीसुद्धा ठेवली नाही.

मधल्या काळात ७ ऑगस्ट २००६ पासून उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटले आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. याही वेळी अनेक कुटुंबे गावी आली, पण पुराची परत वेगळी असते. पुरातून आलेल्याला गाव पोटाशी घेते, रोगातून आलेल्याला नाही. माणूस तोच, गाडी तीच, फक्त कारण बदलले की घराचे दार निराळे उघडते.

मग आले २०२० साल. तोवर सुरत ४४ लाखांच्या पुढे गेली होती, तीही २०११ च्या जनगणनेत. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. प्रवासी गाड्या त्याआधीच बंद झाल्या होत्या. पगार मीटरवर, माग थांबले की पगार थांबला. मार्चअखेर पांडेसऱ्यात आणि एप्रिलमध्ये शहराच्या इतर भागांत कामगार रस्त्यावर आले. त्यांची मागणी साधी होती, आम्हाला घरी जाऊ द्या. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, अटकाही झाल्या. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या, त्या मुख्यतः ओरिसा, उत्तर प्रदेश, बिहारकडे. खानदेशची माणसे तोवर वाट पाहत बसली नव्हती. कोणी मोटारसायकलवर, कोणी मालट्रकमध्ये, कोणी सुरत-धुळे महामार्गाने आणि रुळांच्या कडेने पायी निघाले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ कामगार मालगाडीखाली गेले, तेव्हा तापीच्या रुळांवरून चालत आलेल्यांच्या घरी त्या रात्री चूल पेटली नसेल तर नवल नाही.

१८९७ चा तोच साथरोग कायदा पुन्हा बाहेर आला. गावच्या वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या, शाळेत विलगीकरण झाले. ज्या शाळेत तो मुलगा शिकला, तिच्याच वर्गात चौदा दिवस तो खिडकीतून घराकडे बघत बसला.

येथे दोन सरकारी गोष्टी मुद्दाम नोंदवल्या पाहिजेत. पहिली शिधापत्रिकेची. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे ही योजना देशात ज्या जोड्यांनी प्रथम ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केली, त्यांत एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात ही होती. म्हणजे टाळेबंदी आली तेव्हा नंदुरबारचे कार्ड डिंडोलीत चालण्याची सोय कागदावर सात महिने जुनी होती. पण कार्ड गावी आईजवळ आणि माणूस सुरतेत, अशीच बहुतेकांची स्थिती. सोय असणे आणि ती पोहोचणे यांत केवढे अंतर असते ते त्या एप्रिलमध्ये दिसले. दुसरी गोष्ट परतलेल्यांच्या कामाची. २० जून २०२० रोजी केंद्र सरकारने गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू केले. ज्या जिल्ह्यांत २५ हजारांहून अधिक कामगार परतले असे ११६ जिल्हे त्यात घेतले गेले, बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, झारखंड आणि ओरिसा या सहा राज्यांतले. महाराष्ट्राचा एकही जिल्हा त्यात नव्हता. महाराष्ट्र हे माणसे बोलावणारे राज्य, पाठवणारे नव्हे, अशी आपली ख्याती आहे. तिला धक्का लागला नाही आणि नंदुरबार, धुळे, जळगाव यादीबाहेर राहिले.

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा या माणसांच्या उपयोगी का पडला नाही, असे कोणी विचारील. तो कायदा ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांसाठी होता. उसाच्या कोयत्याला तो लागू व्हावा अशी रचना होती. पण डिंडोलीला जाणारा मुलगा मामाच्या ओळखीने, मावसभावाच्या खोलीवर जातो. त्याला कोणी नेले नाही, तो आपण होऊन गेला. कायद्याच्या नजरेत तो स्थलांतरित कामगारच नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम संकेतस्थळ आले, ते चांगलेच झाले. पण नोंद झाली म्हणजे माणूस सामावला गेला असे होत नाही.

आता थोडे जगाकडे पाहू. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना हातकड्या घालून अमृतसरला आणून सोडले. त्यांत गुजरातचे ३३ होते, महाराष्ट्राचे तिघे. त्या चित्राने सारा देश व्यथित झाला. हद्दपारी हा शब्द आपण अशा प्रसंगासाठी राखून ठेवला आहे. देशातल्या देशात हद्दपारी नसते, राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भारतीय नागरिकाला कुठेही फिरण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, हे खरेच. डिंडोलीच्या माणसाला कोणी हातकडी घातली नाही. पण मजुरी थांबली, खोलीचे भाडे थकले, मेस बंद पडली, औषध मिळेना, अशा स्थितीत तो निघाला, तर त्याला आपखुशीने गेला असे म्हणायचे का? विमानातून उतरलेल्याचे नाव निदान यादीत असते. पॅसेंजरमधून उतरलेल्याचे कुठेच नसते.

आणि परतल्यानंतरचे काय? परदेशातून आलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था पुनर्वसनाच्या योजना आखतात, त्यात कर्ज, प्रशिक्षण, समुपदेशन असे टप्पे असतात. आमच्याकडे या गोष्टीची परीक्षा घेण्याची एक जुनी रीत आहे, ती कानबाईच्या रोटांची. श्रावणात कानबाई बसते तेव्हा भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात, ते दळून रोट करतात, आणि ते घरच्यांनीच संपवायचे असतात. सुरतेत राहणाऱ्याच्या नावाचीही मूठ त्यात पडते, तो आलेला असो वा नसो. वीस वर्षे गावी न राहिलेला माणूस त्या मुठीने घरचा राहतो. मुलींच्या आणि सुनांच्या नावाची मूठ या रीतीत नसते, हा तिचा उणेपणा आहे, आणि साड्यांना टिकल्या लावून ज्यांनी घरे चालवली त्यांच्या परतीचा हिशोब त्यामुळे आणखी धूसर राहतो. तरीही एवढे खरे की जे सरकारी यादीला सुचले नाही ते या रीतीला सुचले आहे : गेलेला माणूसही मोजायचा असतो.

म्हणून सुचवावेसे वाटते ते फार मोठे नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने जन्म-मृत्यूच्या नोंदींशेजारी बाहेर गेलेल्यांची एक वही ठेवावी. कोण, कुठे, कोणत्या कामाला, आणि संकट आले तर निरोप कोणाला द्यायचा. स्त्रियांची नावे त्यात पुरुषांइतकीच असावीत. पुढची साथ किंवा पुढचा पूर येईल तेव्हा नवापूरच्या स्थानकावर उतरणाऱ्याला आपले नाव सांगावे लागू नये, ते आधीच लिहिलेले असावे. आणि १९९४ व २०२० साली जे परतले त्यांपैकी जे अजून आपल्यात आहेत त्यांना विचारून त्या दिवसांची हकिगत गावोगावच्या वाचनालयांनी उतरवून घ्यावी. दहा वर्षांनी ते काम करायला उशीर झालेला असेल.

सुरतेहून आलेल्याला आमच्या गावात दोन प्रश्न विचारतात. "कवय उना?" केव्हा आलास? आणि त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत दुसरा, "कवय जाशी?" केव्हा जाणार? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, ती बोलण्याची पद्धतच आहे. पण १९९४ च्या सप्टेंबरात आणि २०२० च्या एप्रिलात ज्यांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते, त्यांना तो कसा लागला असेल याचा विचार करून पाहावा. या दिवाळीतही गाड्या भरून येतील. निदान पहिल्या दिवशी तरी दुसरा प्रश्न विचारू नये.